केमोच्या आधी दात दाखवावेत का? तोंडातले जंतू आणि कॅन्सरमध्ये अंग खंगणं

वडगावकर

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

माझे मामा बेळगावजवळच्या येळ्ळूरचे, वय ६१. जन्मभर शेतात राबलेला गडी, भाताचं पोतं एका झटक्यात पाठीवर घेणारा. जठराचा कॅन्सर निघालाय, केमो पुढच्या आठवड्यात सुरू होणार. चारेक महिन्यांत ६४ किलोवरून ५५ वर आलेत. नुसतं वजन कमी झालं असतं तर एवढं वाटलं नसतं, पण दंड गेले, मांड्या गेल्या, खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागतात. मामी दिवसभर स्वयंपाकघरात. पेज, अंडं, मटणाचा रस्सा, काय काय करते. मामा दोन घास खातात आणि ताट सरकवतात. मग मामी रडते, मामा चिडतात. रोज हेच चाललंय.

आता मूळ मुद्दा. आमच्या गल्लीतली एक मुलगी दातांच्या डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. भेटायला आली होती. मामांच्या हिरड्यांतून रक्त येताना बघून म्हणाली, "केमोच्या आधी तोंड दाखवून घ्या. तोंडातल्या जंतूंचा आणि कॅन्सरमध्ये अंग उतरण्याचा संबंध असू शकतो, त्यावर संशोधन चालू आहे." घरातल्या मोठ्यांनी तिला गप्प केलं. रोग पोटात आणि दात कसले बघताय, म्हणाले. मला मात्र ते डोक्यातून जाईना.

यात तथ्य किती? आणि असेल तर हातात असलेल्या आठवड्यात काय काय करून घ्यावं?

खानापूरची_माई

दाखवाच. दुसरा विचार करू नका.

आमच्या ह्यांच्या केमोच्या वेळी जेवण अगदी बंद झालं होतं. केमोने चव जाते, असंच सगळे म्हणायचे, आम्हीही तेच धरून बसलो. एकदा एका सिस्टरने टॉर्च मारून तोंडात बघितलं. जीभ, टाळू, गालाची आतली बाजू, सगळीकडे दह्यासारखा पांढरा थर. बुरशी होती. डॉक्टरांनी तोंडात लावायचं औषध दिलं आणि आठवडा व्हायच्या आत ह्यांनी स्वतःहून मऊ भात-वरण मागितलं. त्या दिवशी आमच्या घरी सण झाला म्हणा.

शंकेखोर_शहापूर

मामांना आराम पडो. पण एक स्पष्ट बोलतो. आजकाल प्रत्येक रोगाचं मूळ एकतर आतड्यात नाहीतर तोंडात सापडतं. माझ्या वडिलांचे दात शेवटपर्यंत मोत्यासारखे होते, रोज कडुलिंबाची काडी. तरी फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये सहा महिन्यांत ओळखू येईनासे झाले. दात चांगले असून अंग का उतरलं मग? आजारी माणसाला आणखी एका दवाखान्याच्या पायऱ्या कशाला चढवता?

टिळकवाडीचा_दंतवैद्य

शंकेखोर, तुमचा प्रश्न रास्त आहे, त्याचं उत्तर पुढे कुणीतरी माझ्यापेक्षा नीट देईल. मी माझ्या खुर्चीपुरतं बोलतो. केमोच्या आधी तोंड तपासायला संशोधनाच्या निकालाची वाट बघावी लागत नाही. त्याची कारणं फार जुनी आणि पक्की आहेत.

केमोमध्ये पांढऱ्या पेशी खाली जातात. बहुतेक औषधांत दुसऱ्या आठवड्याच्या आसपास त्या सगळ्यात कमी असतात. अशा वेळी किडलेल्या दाढेखाली वर्षानुवर्षं गप्प बसलेला पू उसळतो, ताप येतो, पेशंटला भरती करावं लागतं आणि पुढची केमो लांबते. प्लेटलेट कमी असताना दात काढता येत नाही, रक्त थांबत नाही. म्हणजे जे करायचं ते आधी. कीटण काढून घेणं, किडलेल्या दाढा भरणं, ज्या वाचणार नाहीत त्या काढणं, दाताची किंवा कवळीची टोचणारी कड घासून घेणं.

ज्यांना तोंडाला, जबड्याला लाईट (म्हणजे रेडिएशन) द्यायची असते त्यांच्या बाबतीत तर हे आणखी काटेकोर. काढायचे दात लाईट सुरू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी काढायचे, म्हणजे जखम भरते. लाईट घेतलेल्या जबड्याचा दात नंतर काढला तर हाड उघडं पडून सडण्याचा धोका असतो, तोही कायमचा. हाडात पसरलेल्या कॅन्सरसाठी झोलेड्रोनिक ॲसिडसारखी इंजेक्शनं देतात, त्यांच्या आधीही हेच.

वडगावकर, तुमच्याकडे आठवडा आहे. उद्याच जा. सोबत केमोचा कागद, चालू गोळ्यांची यादी आणि रक्ताचा ताजा रिपोर्ट न्या. दात काढायचा ठरला तर दातांच्या डॉक्टरांनी केमोच्या डॉक्टरांना फोन करून बोलायला हवं, जखम भरायला वेळ किती मिळतोय हे त्या दोघांनी मिळून बघायचं. बेळगावात दोन डेंटल कॉलेजं आहेत, तिथं खर्च खासगीपेक्षा पुष्कळ कमी.

निपाणीकर

मामा मिश्री लावतात काय? किंवा तंबाखू? कुणी विचारलं नाही म्हणून विचारतो.

आमच्या निपाणीत तंबाखू म्हणजे पोटापाण्याचा धंदा. १९८१ ला भावासाठी शरद जोशींबरोबर शेतकऱ्यांनी हायवे अडवला, गोळीबार झाला, ते आंदोलन आमच्या घरातल्यांनी डोळ्यांनी बघितलंय. तंबाखूवर पोरं शिकली, घरं झाली, ते कुणी नाकारू नये. पण वखारीत काम करणाऱ्या, विड्या वळणाऱ्या बायकांची तोंडं बघा. सकाळी उठल्या उठल्या तव्यावर भाजलेली मिश्री, दुपारी मिश्री, रात्री मिश्री. माझी आजी म्हणायची, मिश्रीने दात घट्ट होतात. पन्नाशीच्या आत तिचे पुढचे सगळे पडले होते.

टिळकवाडीचा_दंतवैद्य

निपाणीकर, फार महत्त्वाचं बोललात. निकोटीनने हिरड्यांतल्या रक्तवाहिन्या आकसतात. म्हणून मिश्री किंवा तंबाखूवाल्या माणसाच्या हिरडीतून रक्त कमी येऊ शकतं आणि त्याला वाटतं की आपलं तोंड ठणठणीत आहे. आत हाड झिजत असतं. चिकोडी, संकेश्वर भागातून येणाऱ्या बायकांत हे नेहमी दिसतं. रक्त येत नाही म्हणजे रोग नाही, असं समजू नका.

वडगावकर

मामा तंबाखू मळायचे, चुन्याबरोबर. निदान झालं तसं सोडलंय. हिरड्यांतून रक्त त्यानंतरच जास्त यायला लागलं. घरच्यांना वाटलं, तंबाखू सोडल्यानेच तोंड बिघडलं.

टिळकवाडीचा_दंतवैद्य

उलटं आहे. आधीचाच रोग आता उघडा पडलाय. मामांनी सोडली ते फार मोठं काम केलं, त्यांना माझ्यातर्फे सांगा. पुन्हा हातात घेऊ देऊ नका.

चिकोडीची_सूक्ष्मजीव

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. माहेर चिकोडी. शंकेखोर काकांच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तोच या धाग्याचा गाभा आहे.

कॅन्सरमध्ये खंगण्याला वैद्यकात कॅकेक्सिया म्हणतात. २०११ साली जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून त्याची व्याख्या ठरवली. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन आपोआप उतरलं, तर तो कॅकेक्सिया. माणूस आधीच किरकोळ असेल किंवा स्नायू कमी असतील, तर २ टक्केही पुरे. वडगावकर, तुमच्या मामांचं १४ टक्के उतरलंय. त्याच व्याख्येत पुढे म्हटलंय की नुसतं खाणं वाढवून हे पूर्ण भरून येत नाही. उपाशी माणसाचं शरीर आधी चरबी वापरतं, स्नायू शक्यतो राखतं. इथं तसं होत नाही. पगार चालू असतानाही कुणी रोज बँकेतली ठेव मोडत राहावी, तसं शरीर स्वतःचे स्नायू मोडत राहतं.

मोडायला लावतो तो शरीरभरचा दाह, इंग्रजीत इन्फ्लमेशन. गाठ आणि तिच्याशी झुंजणाऱ्या पेशी मिळून काही रसायनं रक्तात सोडतात. टीएनएफ हे त्यातलं एक, १९८० च्या दशकात ते सापडलं तेव्हा त्याला कॅकेक्टिन असंच नाव दिलं होतं. दुसरं इंटरल्युकिन ६. ही मेंदूतली भूक मारतात, लिव्हरला सीआरपी (दाह किती आहे ते दाखवणारं प्रथिन) बनवायला लावतात आणि स्नायूतली प्रथिनं तोडणारी यंत्रणा चालू करतात. जीडीएफ १५ नावाचं आणखी एक आहे, ते मळमळ आणि अन्नावरची वासना जाणं यात काम करतं. म्हणून काका, तुमच्या वडिलांचे दात मोत्यासारखे असूनही अंग उतरलं. मुख्य कारण गाठ. ते कुठल्याही ब्रशने बदलणार नव्हतं.

मग तोंड कुठं येतं? या दाहात भर घालणारा म्हणून. आपल्या तोंडात जंतूंच्या ७०० च्या वर जाती सापडल्यात. हिरड्या सुजलेल्या असतील तर नुसतं चावताना, ब्रश करतानाही जंतू आणि त्यांचे विषारी अंश रक्तात जातात. हिरड्यांचा जुना रोग असलेल्या माणसांत सीआरपी वाढलेला असतो आणि हिरड्यांवर उपचार केल्यावर तो थोडा खाली येतो, हे माणसांवरच्या चाचण्यांतून दिसलंय. दुसरा रस्ता गिळण्याचा. दिवसाकाठी लिटरभर लाळ आपण गिळतो, त्यातले बहुतेक जंतू जठरातल्या ॲसिडमध्ये मरतात. पँटोप्राझोलसारख्या ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांच्या आतड्यात तोंडातले जंतू जास्त सापडतात.

आता मला सगळ्यात रंजक वाटलेली साखळी. २०१७ साली एका अभ्यासात लाळेतून आलेले क्लेबसिएला जंतू उंदरांच्या आतड्यात ठाण मांडून बसले आणि तिथं दाह पेटला. २०१८ साली बेल्जियमच्या संशोधकांनी खंगलेल्या कॅन्सरग्रस्त उंदरांच्या आतड्यात याच कुळातला क्लेबसिएला ऑक्सिटोका वाढल्याचं दाखवलं, आतड्याची भिंत बिघडवण्यात त्याचा हात होता. शिवाय हिरडीतला फ्युजोबॅक्टेरियम २०१२ पासून मोठ्या आतड्याच्या गाठींत सापडतोय. म्हणजे तोंडातला जंतू पोटात जाऊन उद्योग करतो, ही कल्पना हवेतली नाही.

पण इथं मी हात आखडता घेते. उंदरांत कारण दिसलंय. माणसांत हिरड्या, दाह आणि खंगणं सोबत सापडतात, एकामुळे दुसरं होतं हे सिद्ध झालेलं नाही. दात साफ केल्याने कॅकेक्सिया थांबतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्या मुलीने "असू शकतो" असं म्हटलं ना? अगदी योग्य शब्दांत सांगितलं तिने. तिला शाबासकी द्या.

शंकेखोर_शहापूर

हे पटलं. असं कुणी त्या वेळी समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. धन्यवाद ताई.

काकतीचा_नातू

ताई, तुमची पोस्ट आईला मोठ्याने वाचून दाखवली.

बाबा जाऊन दोन वर्षं होतील. आई आजही म्हणते, मी त्यांना नीट खायला घातलं नाही, नाहीतर अंगात ताकद राहिली असती. येणारे-जाणारेही तसंच बोलायचे, "काहीच खात नाहीत काय हो? करून घालत नाही काय?" माझी आई पहाटे उठून नाचणीची आंबील करायची, दुपारी हुलग्याचं माडगं, संध्याकाळी अंडं. एवढं करून तिच्याच माथी दोष. आज ऐकल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "म्हणजे ते खाऊन पण उतरलंच असतं की." मी होय म्हटलं.

वडगावकर, तुमच्या मामीला हे आजच सांगा. केमो सुरू व्हायच्या आधी सांगा.

वडगावकर

काकतीचा नातू, तुमचं वाचून घशाशी आलं. उद्या येळ्ळूरला जातोय. मामीला समोर बसवून सांगतो.

अथणी_ऊस

थोडं विषयाबाहेर. आमच्याकडे एकाने साखर, गूळ सगळं तोडलंय. कॅन्सर साखरेवर जगतो म्हणे. उसाच्या गावात राहून चहात साखर नाही! माणूस आधीच काडी झालाय. हे बरोबर काय?

चिकोडीची_सूक्ष्मजीव

खंगलेल्या माणसाची साखर-गूळ तोडणं म्हणजे त्याच्या पोटात जाणारं आणखी कमी करणं. मधुमेह नसेल तर गोड बंद करायची गरज नाही. गाठीला साखर लागते हे खरं, पण ती शरीर स्वतः तयार करून पुरवतंच. फक्त गोड खाल्ल्यावर चूळ भरायची. लाळ कमी झालेल्या तोंडात दात फार लवकर किडतात.

गणपत_गल्ली

म्हणजे मामांना कुंदा चालतो. वडगावकर, पत्ता कळवा, मी घेऊन येतो. चूळ भरायचं पाणीपण आणतो.

संकेश्वरची_सिस्टर

गणपत गल्लीवाले, कुंदा आणाच. खवा म्हणजे दूधच, थोड्या घासात जास्त ताकद. खाऊ वाटतंय ते, वाटेल तेव्हा, थोडं थोडं. ताटभर वाढून समोर बसायचं नाही, ताट बघूनच पेशंटला दडपण येतं.

आता तोंडाची काळजी सांगते. कॅन्सर वॉर्डात काम केलंय.

ब्रश एकदम मऊ, लहान मुलांचा घेतला तरी चालतो. दिवसातून दोनदा, जेवणानंतर. टूथपेस्ट झोंबत असेल तर बिन-पुदिन्याची घ्या. चुळा भरायला एक पेला कोमट पाणी, त्यात पाव चमचा खायचा सोडा आणि त्याच्या निम्मं मीठ. रोज ताजं करायचं. दिवसातून चार-पाच वेळा, उलटी झाली की लगेच एकदा. उलटीतलं ॲसिड दात खातं, म्हणून उलटीनंतर लगेच ब्रश करू नका, आधी चूळ, अर्ध्या तासाने ब्रश.

रोज टॉर्च मारून तोंडात बघा. पांढरा थर, लाल चट्टा, फोड, रक्त, काहीही दिसलं की फोन करा. आणि ताप १००.४ च्या वर गेला तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री असला तरी निघायचं.

पँटोप्राझोलबद्दल वर वाचून कुणी गोळी बंद करायला जाऊ नका. जठराच्या पेशंटला ती कारणाने दिलेली असते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

शहापूरचे_तात्या

एवढ्या भानगडी कशाला? सकाळी उठून तिळाचं तेल तोंडात धरून खुळखुळवायचं, पंधरा मिनिटं. आमच्या वडिलांनी ८८ व्या वर्षी ऊस खाल्लाय सोलून. जंतूबिंतू सगळे तेलाबरोबर बाहेर.

संकेश्वरची_सिस्टर

तात्या, धडधाकट माणसाने ब्रश करून वर तेल खुळखुळवलं तर माझी ना नाही. पण मामांना सध्या दमच कमी आहे. तेल चुकून श्वासात गेलं तर फुप्फुसाला त्रास. तोंड आलेलं असताना तर नकोच. ओठ फुटलेत त्यावर खोबरेल लावा, ते चांगलं.

शहापूरचे_तात्या

असं म्हणूलाय तर बरं. माझं मी करतो, मामांना नको. पण मग ते निळं-हिरवं औषधी माउथवॉश? ते तर टीव्हीवर ९९ टक्के जंतू मारतंय.

चिकोडीची_सूक्ष्मजीव

तात्या, सगळेच मारायचे नसतात. पालक, बीट, मुळ्याचा पाला खाल्ला की त्यातलं नायट्रेट लाळेत उतरतं आणि जिभेवरचे काही जंतू त्याचं नायट्राइट करतात. शरीर त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनवतं, रक्तवाहिन्या सैल होतात, स्नायूंना रक्त बरं पोचतं. जंतुनाशक माउथवॉश वापरल्यावर हे काम मंदावतं आणि व्यायामानंतर रक्तदाब जसा उतरायला हवा तसा उतरत नाही, हे निरोगी माणसांवरच्या प्रयोगात दिसलंय. म्हणजे तोंडातले जंतू स्नायूंच्या बाजूनेही काम करतात.

टिळकवाडीचा_दंतवैद्य

इथं मी थोडा वेगळा आहे. हिरड्यांच्या रोगात, कीटण काढल्यावर, क्लोरहेक्सिडीनचं जंतुनाशक माउथवॉश थोडे दिवस द्यावं लागतं आणि त्याचा उपयोग होतो. दातांवर डाग पडतात, चव बिघडते, म्हणून महिनोन्महिने नको. पण डॉक्टरांनी लिहून दिलंय आणि इथं वाचून बंद केलं, असं होऊ नये. दारूवाला माउथवॉश मात्र या पेशंटनी लांबच ठेवावा, तोंड भाजून निघतं.

चिकोडीची_सूक्ष्मजीव

मान्य. लिहून दिलेलं थोडे दिवस घ्यावंच. माझा आक्षेप दुकानातून आणून वर्षभर रोज वापरण्याला.

चिकोडी_एक्सप्रेस

केमो कुठं घेताय? मिरजेला कॅन्सर हॉस्पिटल आहे, हुबळीला नवनगरला आहे. आमच्या काकूंना मिरज सोयीचं पडलं, राणी चेन्नम्मा एक्सप्रेस पकडली की पोचलं. योजनेचंही बघा. इकडे रेशनकार्डावर आयुष्मान आरोग्य कर्नाटक आहे, आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले योजना लागू करायचा निर्णय घेतलाय. दोन्हीकडे चौकशी करा, कुठली आधी बसते ते बघा.

निपाणीकर

चिकोडी एक्सप्रेस आली म्हणजे धागा रेल्वे स्टेशनवर थांबणारच. पण योजनेचं सांगितलं ते चांगलं झालं.

यावरून आठवलं. आमच्या वहिनींना डिस्चार्जच्या वेळी तोंडाच्या काळजीचा कागद दिला होता, कानडी आणि इंग्रजीत. वहिनींना दोन्ही वाचता येत नाही. भाऊ ड्यूटीवर. तो कागद देव्हाऱ्यामागे राहिला. यात कुणाशी भांडायचं नाही मला, कानडी डॉक्टरांनी आमच्यासाठी जीव ओतलाय. पण चुळा कशा भरायच्या, ताप किती झाला की निघायचं, एवढं तरी बाईला तिच्या भाषेत मिळायला पाहिजे. सिस्टर, तुम्ही वर लिहिलंय ते मोठ्या अक्षरांत छापून गावातल्या आशाताईंकडे देऊ काय?

संकेश्वरची_सिस्टर

द्या की. माझं नाव नको. टिळकवाडीच्या डॉक्टरांकडून एकदा वाचून घ्या, मग छापा.

टिळकवाडीचा_दंतवैद्य

पाठवा, बघतो. त्यात मिश्रीची ओळ मी घालतो.

हिंडलग्याचा_फिजिओ

धागा उशिरा बघितला. स्नायूंबद्दल बोलतोय आणि हालचालीचं कुणीच काढलं नाही, म्हणून लिहितो.

"आजारी आहेत, झोपून राहू दे" हे आपल्याकडचं प्रेम स्नायूंना महागात पडतं. अंथरुणात पडलेल्या माणसाचे मांडीचे स्नायू झपाट्याने जातात, कॅन्सर असो वा नसो. मामांना खुर्चीतून उठायला लावा, बसवा, पुन्हा उठवा. सुरुवातीला हात टेकले तरी चालतील. दम लागायच्या आत थांबायचं, दिवसातून दोन-तीनदा. अंगणात, परसात चालवा. रक्ताचे आकडे फार खाली असतील किंवा हाडात पसरला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रथिनं किलोमागे १ ते १.५ ग्रॅम. ५५ किलोच्या माणसाला म्हणजे ५५ ते ८० च्या आसपास. एका अंड्यात ६ ग्रॅम. शेंगांची चटणी दह्यात कालवून मऊ केली तर त्यातूनही जातं. चावायला त्रास असेल तर ताकदीचं खाणं पहिलं सुटतं, माणूस पेज-चहावर येतो. मटण, शेंगा, फुटाणे कायम चावूनच खायचे असतात ना. दातांचा आणि स्नायूंचा मला रोज दिसणारा संबंध हा आहे, त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

खानापूरची_माई

अगदी. ह्यांचं मटण बंद झालं ते भुकेने नव्हे, दाढ दुखत होती म्हणून. सांगत नव्हते.

चिकोडीची_सूक्ष्मजीव

फिजिओ दादा, हा मुद्दा माझ्या लांबलचक पोस्टमध्ये यायला हवा होता.

औषधांचंही एक सांगते, डॉक्टरांना विचारण्यासाठी. पुदुच्चेरीच्या जिपमेर या सरकारी हॉस्पिटलमध्ये जठर, लिव्हर-स्वादुपिंड आणि फुप्फुसाच्या कॅन्सरच्या १२४ पेशंटवर चाचणी झाली, २०२३ साली निकाल आले. केमोबरोबर ओलान्झापिन २.५ मिलिग्रॅम, म्हणजे फार कमी डोस, रोज १२ आठवडे. गोळी घेणाऱ्यांत ६० टक्के लोकांचं वजन ५ टक्क्यांहून जास्त वाढलं, नुसत्या दिखाऊ गोळीवर असणाऱ्यांत ९ टक्के. गोळी जुनी आहे, स्वस्त आहे. पण मानसिक आजारात मोठ्या डोसमध्ये वापरतात, झोप येते, साखर वाढू शकते, म्हणून आपल्या मनाने मेडिकलमधून आणायची नाही. केमोच्या डॉक्टरांसमोर विषय काढा.

वडगावकर

मंडळी, येळ्ळूरहून आत्ता आलो.

मामांना दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. कीटण काढलं. एक दाढ भरली, दुसरी वाचणारी नव्हती. डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट बघितला, माझ्यासमोर केमोच्या डॉक्टरांना फोन लावला आणि दोघांनी मिळून केमो थोडी पुढे घेतली, जखम भरू दे म्हणून. दाढ काढल्यावर मुळाशी पू निघाला. मामा म्हणाले, "गेल्या पावसाळ्यापासून ह्या बाजूने चावत नव्हतो." घरात कुणालाच माहीत नव्हतं.

मामीला चिकोडीच्या ताईंचं सगळं सांगितलं. ती आधी गप्प. मग मामांना म्हणाली, "आता दोन घास खाल्लात तरी मी काही बोलणार नाही, पण ते दोन घास अंड्याचे खा." मामा हसले. काल पिठलं-भात खाल्ला, मऊ करून. भूक मोठी नाही, हे मलाही कळतंय. खुर्चीतून उठायचं चालू केलंय, मामेभाऊ समोर उभा राहतो.

गल्लीतल्या मुलीला फोन केला. घरातल्या मोठ्यांनी स्वतः बोलावून चहा पाजला तिला. ओलान्झापिनचं पुढच्या भेटीत विचारणार आहे, कागदावर लिहून घेतलंय.

एक राहिलं. मामांना खालची अर्धी कवळी आहे. केमोत ती घालायची की नाही?

टिळकवाडीचा_दंतवैद्य

जेवताना घाला, रात्री काढायचीच. काढल्यावर मऊ ब्रशने आणि साबणाने घासा, टूथपेस्टने नको, चरे पडून त्यात बुरशी बसते. मग साध्या पाण्यात बुडवून ठेवा, पाणी रोज बदला. वजन उतरल्यामुळे हिरड्या आकसून कवळी सैल झाली असेल, हलून घासत असेल तर तशीच वापरू नका, घेऊन या, बसवून देतो. तोंडात फोड आले तर बरे होईपर्यंत बाजूला ठेवा.

गणपत_गल्ली

कुंदा रविवारी सकाळी पोचतो. पत्ता मेसेज करा.